ग्रूमिंग पार्लरमध्ये फंगल परत परत येतंय? आधी केस काढा, केमिकल नंतर

जुलै लागला की ठाणे आणि नवी मुंबईच्या कुत्र्या-मांजरांच्या ग्रूमिंगवाल्यांचे मला मेसेज यायला लागतात आणि सगळ्यांचं दुखणं एकच, की ताई सगळं धुतलं, फिनाईल मारलं, सामान यूव्ही लाइटखाली ठेवायचा यूव्ही बॉक्स घेतला, शटर पाडून फवारणी पण करून घेतली, तरी पंधरा-वीस दिवसांनी परत एक शिह त्झू कुत्रा गोल चट्टा घेऊन आलाच आणि आता हाताखालच्या मुलाच्या दंडावर पण उठलंय. म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. मी स्वतः घोडबंदर रोडला सोसायटीच्या खालच्या गाळ्यात काम करते, एकच दरवाजा, खिडकी नाही, एसी आणि एक्झॉस्टवर सगळा भरवसा, त्यामुळे ही परिस्थिती मला नीट माहीत आहे. आणि इतक्या जणांशी बोलून माझं एक मत पक्कं झालंय की ९० टक्के वेळा आपण चुकीच्या गोष्टीशी भांडत असतो, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आपण फरशी मारतो, भिंत मारतो, वास येईल असं काहीतरी मारतो, आणि ज्याच्यात फंगल असतं ते केस मात्र ब्लोअरच्या फिल्टरमध्ये, ब्लेडच्या पोटात आणि एसीच्या जाळीत तसेच राहतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करू, कारण इथेच निम्मा गोंधळ आहे. प्रत्येक गोल चट्टा म्हणजे गजकर्ण नाही. कुत्र्यांमध्ये गोल, कडेला पापुद्रे सुटलेले चट्टे दिसतात त्यातले बरेचसे बॅक्टेरियाचे असतात, स्टॅफिलोकॉकसचे, आणि दिसायला अगदी नायट्यासारखे. डेमोडेक्स नावाचा माइट असतो तो पण असेच केस घालवतो. कानात घाण वास, पंजांच्या मधे लाल-तपकिरी, काखेत चिकट तेलकट कातडी, हे बहुतेक वेळा मॅलासेझिया, म्हणजे यीस्ट, आणि ते त्या कुत्र्याच्या अंगावर आधीपासूनच असतं, ॲलर्जी किंवा ओलाव्यामुळे वाढतं, ते तुमच्या टेबलवरून दुसऱ्याला "लागत" नाही. आणि अजून एक प्रकार, अंघोळीनंतर एक-दोन दिवसात पाठीवर दुखणारे फोड, कुत्रा हात लावू देत नाही, सुस्त पडतो, कधी ताप, तर हे फंगल नाहीच, हे बऱ्याचदा स्यूडोमोनास नावाच्या बॅक्टेरियाचं असतं आणि त्याचं घर म्हणजे पाणी घालून ठेवलेली शाम्पूची बाटली. हे कुत्रं त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलं पाहिजे, वाट बघायची नाही. शाम्पू पातळ करायचा तर त्या दिवसापुरता करा, रात्री उरलेला ओतून द्या, बाटली धुवून उलटी वाळत घाला. आठवडाभराचं एकदम बनवून ठेवायची सवय फार पार्लरमध्ये आहे, ती आजच मोडा.

तर जे खरंच पसरतं ते गजकर्ण, डर्माटोफाइट. मांजरांमध्ये जवळजवळ नेहमी मायक्रोस्पोरम कॅनिस, कुत्र्यांमध्ये पण तेच जास्त, शिवाय मातीतून येणारं एक असतं, पूर्वी मायक्रोस्पोरम जिप्सियम म्हणायचे आता नॅनिझिया जिप्सिया म्हणतात, माती उकरणाऱ्या, चिखलात नाक खुपसणाऱ्या कुत्र्यांच्या नाकावर आणि पुढच्या पायांवर उठतं. येऊरच्या जंगलात फिरायला नेतात त्या कुत्र्यांकडे बघताना हे डोक्यात ठेवा.

आता मुद्द्याची गोष्ट. कॅनिस हे बुरशीसारखं भिंतीवर वाढत नाही. पावसाळ्यात गाळ्याच्या कोपऱ्यात काळे-हिरवे डाग येतात ती वेगळी बुरशी, ती दिसली की समजायचं हवा खेळत नाहीये, पण ती कुत्र्याला गजकर्ण देत नाही. गजकर्णवाल्या फंगसला केराटिन लागतं, म्हणजे केस, नखं, कातडीचा वरचा थर. ते केसात शिरतं, तिथे स्पोर, म्हणजे फंगसची बीजं, बनवतं, केस ठिसूळ होऊन तुटतो आणि ते तुटलेले बारीक तुकडे आणि कोंडा सगळीकडे उडतो. खोलीत ते स्पोर वाढत नाहीत, नुसते पडून राहतात. पण राहतात म्हणजे चांगले राहतात, लॅबमध्ये १८ महिन्यांपर्यंत जिवंत राहिल्याची नोंद आहे. म्हणून मागच्या पावसाळ्यातला केस यंदाच्या पावसाळ्यातही त्रास देऊ शकतो. विसर्जनाच्या मिरवणुकीतून आल्यावर गुलाल कसा महिनाभर घरात कुठे कुठे सापडत राहतो, हे अगदी तसं आहे. आणि ही खरं तर चांगली बातमी आहे, कारण जे वाढत नाही ते उचलून टाकलं की संपतं.

पावसाळा काय करतो मग? पावसाळा कातडी ओली ठेवतो. अंडरकोट, म्हणजे केसांचा आतला मऊ थर, नीट वाळत नाही, गुंता होतो, खाली कातडी मऊ पडते, त्यावर ब्लेडचा बारीक ओरखडा, आणि स्पोरला आत शिरायला तेवढं पुरतं. म्हणजे "पावसाळा आहे, होणारच" हे अर्धंच खरं, कातडी पावसाने तयार केली पण स्पोर आपल्या टेबलवरूनच गेला.

केस कुठून येतोय ते शोधायचं कसं

कंप्लेंट आली की लगेच धुवायला घेऊ नका, आधी वही उघडा. नसेल तर आजपासून घाला. तारीख, प्राणी, कोणी केला, कुठला ट्रिमर, कुठलं ब्लेड, कुठल्या टेबलवर, क्रेटमध्ये वाळवला का हाताने. इतकंच. लागण झाल्यापासून चट्टा दिसायला साधारण १ ते ३ आठवडे जातात, म्हणून आज कंप्लेंट आली तर काल-परवाच्या कामात काही सापडणार नाही, मागचे तीन आठवडे बघायचे. आणि दोन-तीन कंप्लेंट असतील तर त्यांच्यात कॉमन काय ते बघायचं.

खारघरला एका मैत्रिणीच्या पार्लरमध्ये असंच झालं होतं, सगळ्या कंप्लेंट वेगवेगळ्या जातीच्या, वेगवेगळ्या मुलांनी केलेल्या, ब्लेड पण वेगळी, ती बिचारी दर आठवड्याला सगळी ब्लेड बदलत होती. वहीत बघितलं तर सगळे शनिवार-रविवारचे, आणि शनिवार-रविवारी गर्दी म्हणून जुना दुसरा ब्लोअर काढायचे. त्या ब्लोअरच्या मागचा स्पंज फिल्टर काढला तर केसांचा नमदा. ब्लोअर मागून खोलीतली हवा आणि केस ओढतो, फिल्टर फाटका असला की तेच पुढून जोरात प्रत्येक प्राण्याच्या अंगावर सोडतो. तो स्पंज कोणी कधी काढलाच नव्हता, कारण तो कोणाच्या कामात येतच नव्हता, मुलं म्हणायची तो मशीनचा भाग आहे.

म्हणून पॅटर्न असा वाचा. एकाच ट्रिमरवर कंप्लेंट येतायत तर ब्लेडचं पोट. वेगवेगळ्या ट्रिमरवर पण एकाच वाळवण्याच्या जागी तर ब्लोअर किंवा क्रेट. एकाच माणसाने केलेले तर त्याचे हात, त्याचा ॲप्रन, त्याचा आवडता स्लिकर (बारीक पिनांचा) ब्रश. फक्त मांजरी तर मांजरांची बॅग, टॉवेल, आणि तुमच्याकडे नियमित येणारी एखादी वरून ठणठणीत दिसणारी पर्शियन. आणि एकच कुत्रा परत परत, बाकी कोणी नाही, तर तुमचं पार्लर नाही, त्याचं घर बघा. सोफा, गाडीची सीट, जिन्याखालून उचलून आणलेलं मांजराचं पिल्लू.

पर्शियनबद्दल थोडं जास्त बोलते कारण आपल्याकडे घरटी पर्शियन झाल्यात. लांब केसाची मांजर चट्टा न दाखवता स्पोर घेऊन फिरू शकते, कधी खरंच लागण असते पण केसात दिसत नाही, कधी लागण नसते, नुसते दुसरीकडचे स्पोर केसांना चिकटून आलेले असतात. दोन्ही प्रकारात ती तुमच्या टेबलवर केस टाकून जाते. म्हणून मांजर आणि कुत्रा यांचं सामान वेगळं असलंच पाहिजे, जागा एकच असली तरी सामान वेगळं. आणि मांजरांना दिवसाच्या शेवटी घ्या किंवा त्यांचा वेगळा वार ठेवा.

टॉर्चचं खूळ

ऑनलाइन जांभळा टॉर्च मिळतो तो घेऊन बरेच जण रिसेप्शनलाच "फंगल आहे" म्हणून सांगून टाकतात. कृपा करून हे करू नका. डॉक्टर गजकर्ण बघायला वापरतात त्या वूड्स लॅम्पची लाइट साधारण ३६५ नॅनोमीटरची लागते, स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ चे असतात आणि त्यात कोंडा, कापसाचे तंतू, साबण, मलम, सगळंच निळं-पांढरं चमकतं. खरी चमक म्हणजे सफरचंदी हिरवी, आणि ती कातडीवर नाही, केसाच्या दांडीवर. शिवाय ती फक्त कॅनिसमध्ये दिसते, मातीवालं जिप्सियम किंवा ट्रायकोफायटॉन, हा गजकर्णाचाच अजून एक प्रकार, चमकत नाही. म्हणजे चमकलं नाही म्हणून सुटलो असं नाही. टॉर्चचा आपल्याला उपयोग एवढाच, की शंका आली तर प्राणी टेबलवर न घेता डॉक्टरकडे पाठवायचा. निदान आपलं काम नाही.

डॉक्टर मग केस मायक्रोस्कोपखाली बघतात किंवा कल्चर लावतात, म्हणजे फंगस प्लेटवर वाढवून बघतात. कल्चरचा सोपा प्रकार म्हणजे नवाकोरा टूथब्रश अंगभर फिरवायचा आणि त्यातले केस प्लेटवर दाबायचे. डीटीएम नावाचं मीडियम असतं ते फंगस वाढायला लागला की लाल होतं, पण इतर बुरशीनेही उशिरा लाल होऊ शकतं म्हणून नुसत्या रंगावर न जाता मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं. दोन आठवडे लागतात. हाच प्रकार पार्लरसाठी पण करता येतो आणि मला वाटतं हा खर्च फवारणीपेक्षा शंभर पट कामाचा आहे. कोरडं मऊ कापड घेऊन ब्लोअरचा फिल्टर, क्रेटच्या कडा, टेबलचं मॅट, एसीची जाळी, प्रत्येकाला वेगळं कापड, वेगळी पिशवी, नाव लिहून, आणि तुमच्या ओळखीच्या व्हेटमार्फत लॅबला. जिथे पॉझिटिव्ह येईल तिथे तुमचं उत्तर.

आता साफसफाई

थोडक्यात सांगायचं तर तीन टप्पे: केस उचलणे, साबणाने घासणे, मग जंतुनाशक. आपल्याकडे तिसरं आधी करतात. केसांवर आणि चिकट तेलावर हायपो, म्हणजे ब्लीचसारखं जंतुनाशक, मारला तर हायपो त्या घाणीशीच भिडून संपतो, खालच्या स्पोरला काही होत नाही. २०१७ साली जागतिक पातळीवरच्या व्हेटर्नरी त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने कुत्र्या-मांजरांच्या गजकर्णावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही भर यावरच आहे, की दिसणारी घाण आणि केस हाताने काढणं हेच मुख्य काम, जंतुनाशक हे राहिलेल्यासाठी.

केस उचलायचे तर फुलझाडू बंद. एकदम बंद. झाडूने केस हवेत उडतात, आणि झाडू स्वतःच केसांनी भरलेला असतो, तोच सगळ्या खोलीत फिरतो. व्हॅक्यूम, शक्यतो हेपा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरवाला, नाहीतर ओलसर मायक्रोफायबर कापड, आणि कापडी गोष्टींवर चिकट रोलर. वरून खाली यायचं, आधी एसीची जाळी आणि पंख्याची पाती, मग शेल्फ, दिवे, क्रेटचे वरचे भाग, मग टेबल आणि टेबलचे पाय (पाय सगळे विसरतात), शेवटी फरशी. पोछ्याचं पाणी काळं झालं की बदला, नाहीतर तुम्ही केस उचलत नाही, वाटप करताय.

आणि हे संध्याकाळी केलं तरी सकाळी उघडल्यावर टेबल आणि क्रेट परत एकदा ओल्या कापडाने पुसायचे, कारण दिवसभर ब्लोअरने उडवलेलं बारीक सामान रात्रभर बंद गाळ्यात हळूहळू खाली बसतं. हे एक काम पाच मिनिटांचं आहे आणि मी बघितलेल्या पार्लरमध्ये जवळपास कोणीच करत नाही.

ब्लेड. यावर मी कितीही बोलू शकते. ब्लेडवर स्प्रे मारला म्हणजे ब्लेड साफ झालं नाही, ब्लेडच्या दोन पात्यांच्या मधे, स्प्रिंगखाली आणि जिथे ते मशीनला बसतं त्या खोबणीत केसांचा लगदा असतो. प्रत्येक प्राण्यानंतर ब्लेड काढा, कडक ब्रशने घासा, वरचं पातं बाजूला सरकवून आतले केस काढा, ब्लेड वॉशमध्ये पाती चालवून काढा, मग ब्लेडसाठीचं जंतुनाशक, आणि त्याच्या बाटलीवर जितकी मिनिटं लिहिलीत तितका वेळ, मग पुसून, वाळवून तेल. सरळ सांगायचं तर एका ब्लेडवर हे शनिवारी जमणार नाही. म्हणून १० नंबर, ७ नंबर, जे जास्त लागतं त्याचे किमान तीन-चार नग ठेवा, वापरलेलं एका डब्यात, साफ दुसऱ्या डब्यात, डब्यांचे रंग वेगळे. ब्लेडला हायपो लावू नका, गंजतं आणि धार जाते. ट्रिमरच्या बॉडीच्या मागे पण हवेची जाळी असते, ती बघा.

स्लिकर ब्रशची गादी, जिच्यात पिना रोवलेल्या असतात, ती आतून साफ होतच नाही. शंका असलेल्या प्राण्याला वापरलेला स्लिकर सरळ फेकून द्या, दोनशे-तीनशे रुपयांसाठी महिनाभराचं गिऱ्हाईक घालवू नका. स्टीलचा कंगवा धुता येतो, तो चालतो. लाकडी हँडल, फुटलेलं रबर मॅट, प्लायवूडच्या उघड्या कडा, कापडी पट्टे आणि गळ्याचे लूप, यातलं जे धुता येत नाही ते बदला. प्लायवूडचे टेबल असेल तर वर लॅमिनेट किंवा स्टीलचा पत्रा मारून घ्या, उघड्या लाकडात जंतुनाशक मुरून जातं पण केस कडेत राहतात.

यूव्ही बॉक्सबद्दल विचारतात म्हणून सांगते, लाइट जिथे थेट पडते तिथेच काम होतं. केसाखाली, तेलाखाली, पात्याच्या मागच्या बाजूला काही होत नाही. साफ केलेलं सामान ठेवायला चांगला डबा आहे, यापेक्षा जास्त अपेक्षा नको.

टॉवेलचं मात्र ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, की त्याला उकळतं पाणी किंवा ब्लीच लागतच नाही. साध्या पाण्यात, साबणाने, सगळ्यात लांब सायकलवर दोनदा धुतलं की स्पोर निघून जातात, अट एकच, मशीन ठासून भरायचं नाही, कपडे आत मोकळे घुसळले गेले पाहिजेत. आपण करतो उलटं, पंचवीस टॉवेल कोंबतो आणि वर कपभर ब्लीच. धुवायच्या आधी टॉवेल बाहेर झटकून केस काढायचे नाहीत (पॅसेजमध्ये तर अजिबात नाही, वरचे शेजारी आधीच वैतागलेले असतात), रोलरने काढा. खरा प्रॉब्लेम वाळवण्याचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवर टॉवेल तीन दिवस वाळत नाही आणि तसाच दमट घडी करून ठेवला जातो. ड्रायर परवडत नसेल तर दोन-तीन पार्लरनी मिळून जवळच्या लाँड्रीशी बोला, किंवा पावसाळ्यापुरते डिस्पोजेबल वापरा. आणि मशीनच्या दाराचं रबर आणि लिंट जाळी प्रत्येक वेळी पुसा.

जंतुनाशक कुठलं

फिनाईल आणि कुठलंही पांढरं-दुधाळ वासाचं लिक्विड मांजरांच्या जागेत वापरू नका. फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या लिव्हरला झेपत नाहीत, पंजे चाटून पोटात जातात. डेटॉलसारखं अँटिसेप्टिक पण मांजराला चालत नाही, त्यात क्लोरोझायलेनॉल असतं. टी ट्री ऑइल "नॅचरल" म्हणून अंगाला लावतात, ते तर मांजराला सरळ विषारी. बेंझाल्कोनियमवाली लिक्विडं फरशीला ठीक, पण गजकर्णाच्या स्पोरवर नुसत्या त्यांच्या भरवशावर राहू नका, आणि पुसून न काढता मांजर सोडलं तर तोंडात-जिभेवर छाले येतात.

स्वस्त आणि कामाचा म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, आपण हायपो म्हणतो तो. बाजारात साधारण ४-५ टक्क्यांचा मिळतो. एकास दहा ते एकास शंभर या मधल्या कुठल्याही प्रमाणात तो गजकर्णावर चालतो, म्हणून जाड-जाड ओतायची गरज नाही, एक लिटर पाण्यात ३० मिलीच्या आसपास पुरे. जागा आधी साबणाने धुतलेली, साबण पाण्याने काढलेला, मग हायपो, आणि १० मिनिटं जागा ओली राहिली पाहिजे, एसीत सुकली तर परत मारा. मग साध्या पाण्याने पुसून घ्या. रोज नवीन बनवा, काल बनवलेला आज कमजोर झालेला असतो, उन्हात ठेवलेला तर नक्कीच. आणि हे मी मोठ्याने सांगते, हायपो टॉयलेट क्लीनरमध्ये, ॲसिडमध्ये, अमोनियावाल्या कशातही मिसळायचा नाही, मुतलेल्या जागेवर थेट ओतायचा नाही, आधी ती जागा धुवायची. बंद गाळ्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइनचा विषारी गॅस झाला तर माणसाचा जीव जाईल. वास सहन होत नसेल, बजेट असेल तर ॲक्सिलरेटेड हायड्रोजन पेरॉक्साइडवालं तयार लिक्विड घ्या, त्याला वास कमी आणि त्यात थोडा साबणाचा गुण पण असतो. मेडिकलमधलं साधं ३ टक्के पेरॉक्साइड म्हणजे ते नव्हे.

शटर पाडून धूर किंवा फवारणी करून घेणं, ज्यावर सगळ्यात जास्त पैसे जातात, ते केस तसेच असताना वाया आहे. आधी सगळं वर लिहिलेलं करा, मग मन राहत नसेल तर करा.

झीरो मारून द्या म्हणतात तेव्हा

पावसाळ्यात रोज एक तरी येतं, "ताई, अंगावर काहीतरी उठलंय, झीरो मारून द्या, हवा लागेल, बरं होईल." बहुतेक वेळा हे उलट पडतं. चट्ट्यावरून ब्लेड फिरवलं की कातडीला बारीक इजा होते, लागण बाजूला पसरते, आणि हजारो तुकडे केस तुमच्या ब्लेडमध्ये, अंगावर आणि हवेत. केस कापायची गरज असते कधीकधी, मलम-शाम्पू आतपर्यंत पोचावं म्हणून, पण ते डॉक्टरने ठरवायचं, आणि शक्यतो बोथट कात्रीने, डॉक्टरकडेच. सांगायचं कसं, तर मी असं सांगते, "काका, मी आज केलं तर बाकीचं अंग पण पेटेल. आधी दाखवून घ्या, कागद घेऊन या, मग मी स्वतः औषधाच्या शाम्पूने करून देईन." बहुतेक लोक ऐकतात. जे ऐकत नाहीत ते दुसरीकडे जातात, जाऊ द्या.

औषधाचा शाम्पू, मायकोनाझोल-क्लोरहेक्सिडिनवाला, डॉक्टरने दिला असेल तर तो दिवसाच्या शेवटच्या अपॉइंटमेंटला, आठवड्यातून जितक्यांदा सांगितलंय तितक्यांदा, आणि अंगावर सांगितलेली पूर्ण मिनिटं ठेवून. घाईत दोन मिनिटांत धुतला तर पैसे पाण्यात. ब्लोअर वापरायचा नाही, टॉवेलने टिपायचं. केस परत उगवले म्हणजे बरं झालं असं नसतं, अंगावरचं दिसेनासं झाल्यावर पण स्पोर असू शकतात, म्हणून डॉक्टर कल्चर बघून "झालं" म्हणेपर्यंत नॉर्मल लाइनमध्ये घ्यायचं नाही.

तुमची माणसं

ज्या मुलांच्या हातावर उठतं ते मेडिकलमधून एक मलम आणतात ज्यात अँटिफंगल, अँटिबायोटिक आणि जोडीला कडक स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, सगळे खूश, आणि आतून फंगस पसरत राहतं, कडा पुसट होतात आणि मग त्वचारोगतज्ज्ञालाही ओळखायला जड जातं. हे मलम पार्लरमध्ये असेल तर आज कचऱ्यात टाका. मुलाला स्किनच्या डॉक्टरकडे पाठवा, पैसे तुम्ही द्या, तो तुमच्याकडे काम करताना आजारी पडलाय. आणि हे पण लक्षात घ्या की त्याचं गजकर्ण कुत्र्याचंच असेल असं नाही. आपल्या देशात गेली काही वर्षं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाचं एक चिवट फंगस माणसामाणसांत पसरतंय, बऱ्याचदा नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, मांड्या, कंबर, काखेत उठतं, एकाच खोलीत चार जण राहतात, टॉवेल एक, तिथून येतं. त्यात कुत्र्याचा काही दोष नाही. हातावर, मानेवर, पोटावर, जिथे प्राणी धरतो तिथे उठलं तर मात्र आपल्याकडचं असण्याची शक्यता जास्त.

पूर्ण बाह्यांचा, केस न चिकटणारा ॲप्रन, प्रत्येक शंकेच्या प्राण्यानंतर बदलायचा. काम संपल्यावर कपडे इथेच बदलून पिशवीत बांधून न्यायचे. घरी लहान मूल, म्हातारी आई, किंवा केमोवर, डायलिसिसवर, स्टेरॉइडवर कोणी असेल तर त्या मुलाला शंकेचा प्राणी द्यायचाच नाही, त्याने मागितलं तरी.

गिऱ्हाइकाशी बोलणं

लोक लपवतात, आणि मी त्यांना समजू शकते, कारण तीन आठवड्यांनी फोन करून "तुमच्याकडूनच लागलं" असं ऐकून घ्यायला पण कोणाला आवडत नाही. पण लपवल्यामुळेच हे गोल गोल फिरतं. कंप्लेंट आली की भांडू नका, "ताई, डॉक्टरांचं नाव द्या, मी स्वतः बोलते, त्या दिवशी आलेल्या बाकीच्यांना पण कळवते" इतकं म्हणा. आणि खरंच कळवा, त्या टेबलवर त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येकाला, "तुमच्या माऊच्या कानामागे, चेहऱ्यावर, पायांवर काही दिसतंय का बघा, दिसलं तर डॉक्टरला दाखवा, आमच्याकडे सध्या आणू नका." मी हे करायला लागल्यावर गिऱ्हाइकं कमी झाली नाहीत. नेरूळच्या एका ग्रूमरला मी हेच सांगितलं तेव्हा तो घाबरला होता, नाव खराब होईल म्हणून, आता त्याच्याकडे डॉक्टर स्वतःहून केस पाठवतात.

बुकिंगच्या वेळीच चार प्रश्न विचारायचे: मागच्या महिन्यात अंगावर काही उठलं होतं का, घरात कोणाच्या अंगावर आहे का, नवीन पिल्लू आणलंय का, बोर्डिंगला ठेवलं होतं का. एकाचंही उत्तर हो असेल तर दिवसाची शेवटची वेळ, कुत्रा असो की मांजर. मालकाची कॅरी बॅग किंवा पिंजरा आत घ्यायचा नाही, बाहेरच ठेवायचा, आणि शंकेची मांजर बरी झाल्यावर जुन्याच बॅगेत परत आली तर ती बॅग धुवून आणायला सांगायचं, नाहीतर घरी पोचायच्या आधीच परत लागलं.

आता जर तुमच्याकडे चालू कंप्लेंट असेल तर या क्रमाने जा: आजच मांजरांची अपॉइंटमेंट थांबवा, ब्लोअरचे फिल्टर आणि एसीची जाळी काढा, सगळे स्लिकर फेका, वहीतले मागचे तीन आठवडे बघा, कापडाची सॅम्पल लॅबला द्या, आणि निकाल येईपर्यंत रोज केस-साबण-हायपो. निकाल निगेटिव्ह आला की मांजरी परत सुरू करा, पॉझिटिव्ह आला तर ज्या पिशवीवर नाव आहे त्याच वस्तूवर परत काम करा, सगळा गाळा नाही.